उतारवयाची तरतूद : ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नोकरदार घरांचा हिशेब

कोणत्याही ज्ञातीच्या स्मरणिकेत घराण्यांचे मूळ गाव, कुलदैवत, वकिलीत वा वैद्यकीत नाव मिळविलेले पुरुष आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांची नोंद आदराने केलेली आढळते. तसे करणे योग्यच आहे. परंतु त्याच घराण्यांतील कारकून, तारमास्तर, शिक्षक आणि फिटर यांनी आपल्या म्हातारपणाची सोय कोणत्या वयात आणि कशाच्या बळावर केली, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या मते ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आपल्या वस्तीचा खरा इतिहास बऱ्याच अंशी हाच होय. कारण ही वस्ती जमिनीच्या उत्पन्नावर नव्हे, तर महिन्याच्या पगारावर उभी राहिली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली आणि पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. तोवर म्हातारपणाची तरतूद म्हणजे शेत, दागिना आणि कर्ता मुलगा, एवढेच लोकांस ठाऊक होते. शेतकरी एका विशिष्ट दिवशी निवृत्त होत नाही. हात चालतील तोवर तो बांधावर जातो. नोकरदाराचे तसे नाही. सरकारी नियमाप्रमाणे पंचावन्नावे वर्ष उलटले की पगार थांबला. निवृत्तीची ही तारीख ज्या दिवशी कागदावर आली, त्या दिवशी वयाचा आणि पैशाचा संबंध आमच्या घरांत प्रथम शिरला. पुढे केंद्र सरकारने ही मर्यादा १९६२ मध्ये अठ्ठावन्न आणि १९९८ मध्ये साठ केली. राज्य सरकारच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांस अठ्ठावन्नच राहिली.

बचतीची साधने त्या मानाने लवकर आली. मनीऑर्डर १८८० मध्ये आणि पोस्टातील बचत खाते १८८२ मध्ये देशभर सुरू झाले. टपाल खात्यातील नोकरांसाठी विम्याची योजना १८८४ मध्ये निघाली. मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ आणि ‘ओरिएंटल’ या विमा कंपन्या त्याआधीच निघालेल्या होत्या. परदेशी कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्यावर जादा हप्ता आकारीत, तो भेद मोडण्याचे श्रेय ‘बॉम्बे म्युच्युअल’कडे जाते. विम्याच्या दरपत्रकात डाव्या रकान्यात वय आणि उजव्या रकान्यात हप्ता छापलेला असे. वयालाही किंमत असते आणि ती दरवर्षी वाढते, हा धडा आमच्या पूर्वजांना त्या पत्रकानेच शिकविला असावा.

मात्र धडा मिळणे निराळे आणि तो आचरणे निराळे. आपल्या वाडवडिलांच्या काटकसरीचे गोडवे आपण नेहमी गातो; पंचविशीतच ते पै-पै साठवीत, असेही सांगतो. नोकरदार घरांच्या हिशेबाची रीत पाहिली असता हे चित्र फारसे टिकत नाही. विशी-पंचविशीतील तरुणाच्या पगारातील मोठा वाटा मनीऑर्डरने गावी जाई. धाकट्या भावाची फी, बहिणीचे लग्न, वडिलांच्या डोक्यावरील कर्ज ही सारी त्याच्या वाट्यास येत. तिशीपासून चाळिशीपर्यंत स्वतःची मुले, त्यांच्या शाळा, मुंजी, आजारपणे. चाळिशीनंतर मुलींची लग्ने. स्वतःच्या म्हातारपणासाठी हात मोकळा व्हावयाचा तो पन्नाशीच्या पुढे, म्हणजे नोकरीची पाच-सात वर्षे उरली असताना. काटकसर होती यात शंका नाही. परंतु ती स्वतःसाठी नव्हती, घरासाठी होती. तरुणपणी भावाला शिकविणे हीच त्या काळची म्हातारपणाची गुंतवणूक होती, असेही म्हणता येईल. पण भाऊ हे काही मुदतीचे प्रमाणपत्र नव्हे. काहींचे पैसे परत आले, काहींचे आले नाहीत.

मग या घरांना तारले कशाने? तर पगार हाती पडण्याआधीच होणाऱ्या कपातीने. रेल्वेत प्रॉव्हिडंट फंडाची पद्धत इंग्रजी अमदानीतच रूढ झाली होती. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याने अशा सक्तीच्या ठेवीवर सावकारास जप्ती आणता येईनाशी झाली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. कारखान्यांतील कामगारांस मात्र १९५२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कायद्याने आरंभी कापड, लोखंड-पोलाद, अभियांत्रिकी, कागद, सिमेंट आणि सिगारेट या सहाच उद्योगांतील, पन्नास वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस हा नियम लागू केला. कपात सव्वासहा टक्के, म्हणजे बरोबर रुपयास एक आणा, आणि तेवढीच भर मालकाची. पुढे १९६० मध्ये वीस कामगारांच्या कारखान्यांपर्यंत कायदा आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना ठाण्याच्या वागळे इस्टेटीतच झाली आणि त्यानंतर ठाणे ते अंबरनाथ या पट्ट्यात जे कारखाने वाढले, त्यांतील हजारो तरुणांच्या पगारपत्रकावर ही कपात दिसू लागली. विसाव्या वर्षी स्वखुशीने कोणी साठवीत नव्हते, कायद्याने साठविले.

रेल्वेच्या नोकरांपुढे १९५७ मध्ये एक मोठा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी रेल्वेत पेन्शनची योजना आली. नव्यांस ती आपोआप लागू झाली. जुन्यांस मात्र फंड ठेवावयाचा की पेन्शन घ्यावयाचे, हे निवडावयाचे होते. अनेकांनी फंडच पत्करला. कारणेही समजण्याजोगी होती. पेन्शन घेणारा दोन वर्षांत वारला तर सरकारचा फायदा, फंडाची रोकड मात्र बायकामुलांच्या हाती राहील, हा हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता. १९५१ च्या सुमारास हिंदुस्थानात जन्मतः सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांचे होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा इतका खाली दिसे, पन्नाशी गाठलेला मनुष्य पुढेही बराच जगे, हे ध्यानात येण्यास कोणी सांगणारा नव्हता. केंद्र सरकारच्या नोकरांच्या विधवांस कुटुंबनिवृत्तिवेतनाची व्यापक योजना १९६४ मध्ये मिळाली, तेव्हा पारडे फिरले. फंड घेऊन घरी बसलेल्यांपैकी ज्यांना दीर्घायुष्य लाभले, त्यांची रक्कम महागाईने खाऊन टाकली आणि अखेर सरकारला त्यांच्यासाठी अनुग्रहराशीची सोय करावी लागली. दीर्घायुष्य हा आशीर्वाद असतो. येथे तो खर्चाचा आकडा ठरला.

फंडाची रक्कमही निवृत्तीपर्यंत शाबूत राहीच असे नाही. घर, लग्न, शिक्षण, आजारपण यांसाठी तीतून पैसे काढण्याची मुभा होती आणि डोंबिवलीच्या वाढीत या मुभेचा वाटा मोठा आहे. दादर-गिरगावातील चाळीत दोन खोल्यांत वाढलेल्या मुलाने तिशी-पस्तिशीत डोंबिवलीस सहकारी सोसायटीत जागा घेतली, ती फंडातून, सोसायटीच्या कर्जातून आणि पत्नीच्या पाटल्या मोडून. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता १९७२ मध्ये आणि कल्याण जनता १९७३ मध्ये निघाली, ती याच वर्गाच्या पैशावर. त्याआधी १९५६ मध्ये देशातील २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालेले होते. घरोघरी एजंट येई आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पिकणारी पॉलिसी गळ्यात मारून जाई. तिचा परतावा तुटपुंजा होता, हे आज कोणीही गणित करून दाखवील. पण हप्ता चुकेल या भीतीने पैसे वेगळे ठेवण्याची सवय तिनेच लावली, हेही खरे.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण घराघरांतील बोलण्यात ती सुटते. बचतीचे फळ जितके काटकसरीवर, तितकेच किंबहुना अधिक जन्मसालावर अवलंबून होते. भविष्यनिर्वाह निधीवर १९५२ मध्ये तीन टक्के व्याज मिळे. त्या दराने रक्कम दुप्पट होण्यास तेवीस वर्षांहून अधिक काळ लागतो. १९८९ पासून २००० पर्यंत व्याज बारा टक्के होते. त्या दराने सुमारे सहा वर्षांत दुप्पट. जो मनुष्य १९९० च्या सुमारास चाळिशीत होता, त्याचा साठा नोकरीच्या भरात असताना फुगला. जो १९५५ मध्ये नोकरीस लागून १९८६ मध्ये निवृत्त झाला, त्याच्या वाट्यास ही वर्षे आलीच नाहीत. पुढे व्याज उतरत २०२१-२२ साली ८.१ टक्क्यांवर आले. तेव्हा “आम्ही एवढ्याशा पगारात एवढे साठविले, तुम्हांस का जमत नाही?” असे एखाद्या काकांनी पुतण्यास विचारले, तर त्या यशात बारा टक्क्यांचाही हात होता, हे पुतण्याने नम्रपणे सांगण्यास हरकत नाही.

दुसरा भेद याहून बोचरा आहे. डोंबिवलीतील एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, एकाच वयाचे दोन निवृत्त गृहस्थ राहतात. एक रेल्वेतील, दुसरा अभियांत्रिकी कारखान्यातील. रेल्वेवाल्यास शेवटच्या पगाराच्या निम्मे पेन्शन आणि त्यावर वर्षातून दोनदा वाढणारा महागाईभत्ता मिळतो. कारखान्यातील गृहस्थास १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. तीत सेवेची वर्षे आणि पगार यांच्या गुणाकारास सत्तरने भागतात. पण पगार धरावयाचा तो मर्यादेपुरताच, आणि ही मर्यादा २००१ पासून २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती. महागाईभत्ता नाही. किमान पेन्शन १,००० रुपये करण्यात आले तेही २०१४ मध्ये. दोघांनीही आपापल्या पगारातून पस्तीस वर्षांच्या आसपास कपात सोसली. दोघांच्या गुणांत फरक नाही. पंचविशीत कोणत्या दरवाजातून आत गेले, एवढाच फरक.

आपले पैसे आपल्याच माणसांकडे ठेवावेत, ही वृत्ती सर्वच ज्ञातींत होती आणि तिने चांगले कार्यही केले. पण तिलाही धक्के बसले. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण आले, तेही आरंभी १,५०० रुपयांपुरते. १९१५ मध्ये ज्ञातिबांधवांनी उभारलेल्या सीकेपी बँकेवर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झालेली असल्याने बहुतेक ठेवीदारांची पूर्ण रक्कम संरक्षित ठरली. पण सत्तरीतील माणसास सहा वर्षे वाट पाहण्याचा अर्थ काय, हे तोच जाणे.

आजच्या तरुण पिढीसाठी तर सारा पायाच बदलला आहे. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांस जुने पेन्शन नव्हते. त्यांची रक्कम बाजारात गुंतविली जाऊ लागली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तो यावरूनच, आणि केंद्राने एप्रिल २०२५ पासून निश्चित पेन्शनचा नवा पर्याय दिला. या निवृत्तिवेतन प्रणालीतील मध्यम प्रकारात पस्तिशीपर्यंत निम्मी रक्कम समभागांत ठेवतात आणि दरवर्षी दोन टक्के कमी करीत पंचावन्नाव्या वर्षी ती दहा टक्क्यांवर आणतात. वयाप्रमाणे जोखीम घटवावी, हा विचार प्रथमच नियमाच्या रूपाने आला. आम्हांस तो पसंत आहे. मात्र खाजगी कंपनीत दर तीन वर्षांनी नोकरी बदलणारा तरुण प्रत्येक वेळी फंड काढून घेतो, त्याला ना वडिलांची सक्ती लाभली, ना नव्या सोयीचा लाभ.

राहता राहिल्या आपल्या भगिनी. पापड-मसाले, शिकवण्या, शिवणकाम यांवर ज्यांनी घराला हातभार लावला, त्यांच्या नावे कोणताही फंड कधीच नव्हता; होती ती भिशी आणि कपाटातील डबा. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये आलेल्या अटल पेन्शन योजनेचे दरपत्रक पाहावे. साठीनंतर महिना ५,००० रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी दरमहा २१० रुपये भरावे लागतात, पंचविसाव्या वर्षी ३७६, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. अठराव्या वर्षी आरंभ करणारी मुलगी बेचाळीस वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरते. चाळिशीत आरंभ करणारी तिची आई वीस वर्षांत ३,४८,९६० रुपये भरते, आणि दोघींस पेन्शन तेवढेच. प्राप्तिकर भरणाऱ्यांस ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने प्रवेश नाही. चाळिशी ओलांडलेल्यांस तो आरंभापासूनच नव्हता.