डेटनच्या शिक्षकाची गाणी

'अति तेथे माती' ही म्हण कलेच्या प्रांतात सहसा प्रमाण मानली जाते. जो फार निर्मितो तो उथळ निर्मितो, असा रसिकांचा समज असतो. अमेरिकेतील 'गाइडेड बाय व्हॉइसेस' या रॉक वाद्यवृंदाचा चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला, म्हणजे या समजाचा फेरविचार करणे भाग पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेला त्यांचा 'युनिव्हर्स रूम' हा गीतसंग्रह त्या इतिहासाच्या प्रकाशातच ऐकावयास हवा.

ओहायो राज्यातील डेटन हे कारखानदारीचे शहर. राइट बंधूंचे सायकलीचे दुकान येथलेच. याच गावी १९८३ मध्ये रॉबर्ट पोलार्ड या तरुणाने मित्र जमवून हा वृंद उभा केला. पोलार्ड पेशाने प्राथमिक शिक्षक. दिवसा चौथीच्या मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात गाणी रचावीत, असा त्याचा क्रम असे. १९८६ पासून मंडळींनी पदरमोड करून ध्वनिमुद्रिका काढल्या. पण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. घरच्या माणसांनाही हा खटाटोप व्यर्थ वाटू लागला. तेव्हा 'प्रोपेलर' ही अखेरची मुद्रिका काढून थांबावयाचे, असे ठरले. १९९२ साली तिच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि प्रत्येक प्रतीचे वेष्टन हाताने, निरनिराळे सजविले गेले. निरोपादाखल निघालेल्या या मुद्रिकेनेच दैव फिरविले. ती परगावच्या जाणकारांच्या कानी पडली, एका छोट्या कंपनीने वृंदाला आश्रय दिला आणि १९९४ च्या 'बी थाउजंड'ने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. पोलार्डची शाळा सुटली ती याच सुमारास.

'बी थाउजंड'मध्ये वीस गाणी आहेत आणि ती सुमारे छत्तीस मिनिटांत संपतात. १९९५ च्या 'एलियन लेन्स'मध्ये तर अठ्ठावीस गाणी आहेत. ही गाणी मोठ्या स्टुडिओत नव्हे, तर तळघरांत व मोटारखान्यांत, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या घरगुती यंत्रावर टिपली गेली. फितीची खरखर त्यांत ऐकू येते. एखादे गाणे रंगू लागते न लागते तोच आटोपते. ही दारिद्र्याची खूण होती खरी. परंतु तीतूनच एक रीत जन्मली. सुचलेले गाणे ताजे असतानाच टिपावे, घोटीत बसू नये, आणि पुढच्याकडे वळावे, ही ती रीत होय.

पुढे २००४ मध्ये वृंद विसर्जित झाला, २०१० मध्ये पुन्हा जमला, २०१४ मध्ये पुन्हा थांबला आणि २०१६ पासून नव्या सोबत्यांसह आजवर चालू आहे. २०१९ व २०२३ या दोन्ही वर्षी प्रत्येकी तीन-तीन गीतसंग्रह निघाले. त्यांतील कित्येक गाणी स्मरणात राहात नाहीत, हा टीकाकारांचा आक्षेप खोटा नव्हे. निवडून, पाखडून थोडेच दिले असते तर बरे, असेही ते म्हणतात. परंतु कोणते गाणे टिकेल हे रचणाऱ्याला आधी कोठे ठाऊक असते? १९९२ मध्ये हिशेब करून हात आखडता घेतला असता, तर 'बी थाउजंड' कधी जन्मलेच नसते.

'युनिव्हर्स रूम'मध्ये सतरा गाणी आहेत. रूढ गीतांत ध्रुवपद फिरून फिरून येते. येथे पुनरावृत्तीला फारसा थारा नाही. चाल मनात ठसण्याआधीच वळण घेते आणि श्रोत्याला मागे वळून पुन्हा ऐकणे प्राप्त होते. बीटल्स आणि हू या इंग्रज वृंदांवर पोसलेली गोड चालींची ओढ मात्र पूर्वीइतकीच ताजी आहे. वयाची सदुसष्ट वर्षे उलटलेल्या पोलार्डने आपल्या जुन्या यशाची नक्कल केलेली नाही, हे या संग्रहाचे खरे मोल. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पुढचा संग्रहही निघाला. कीर्ती येण्याआधी जो उद्योग होता, तोच कीर्तीनंतरही राहिला. शिक्षक रोज वर्गात उभा राहतो, तसाच हा गीतकार रोज नव्या गाण्यासमोर उभा आहे.