चौथी दीक्षा

घरचा कर्ता पुरुष अकाली गेला म्हणजे मागे चूल कशी विझते, हे आमच्या राजूरसारख्या कोळशाच्या खाणीच्या गावाला कोणी समजावून सांगायला नको. आज ज्या मंडळाचा इतिहास आम्ही आपणापुढे मांडणार आहोत, त्याचा उगम अशाच विझलेल्या चुलीपाशी झाला.

अमेरिकेतील न्यू हेवन शहरी मायकेल मॅकगिव्हनी नावाचा आयरिश वंशाचा एक तरुण कॅथॉलिक धर्मगुरू होता. वडील वारले तेव्हा शिक्षण सोडून त्याला घरी परतावे लागले होते. १८८२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने आपल्या चर्चमधील माणसे जमवून एक बंधुमंडळ स्थापिले. सभासद वारला तर त्याच्या विधवेला व मुलांना सर्वांनी मिळून आधार द्यायचा, हा त्याचा मुख्य हेतू.

मंडळाचे नाव 'नाइट्स ऑफ कोलंबस', म्हणजे कोलंबसाचे शिलेदार. हे नाव सहज ठेवलेले नव्हे. कॅथॉलिकांची निष्ठा देशाला नसून रोमच्या पोपला आहे, असा आरोप तेथे उघड होत असे. त्यावर त्यांचे उत्तर असे, की तुमच्या भूमीचा शोध लावणारा कोलंबस तर आमच्याच पंथाचा! पण संशय नुसत्या नावाने थोडाच फिटतो? मग २२ फेब्रुवारी १९०० रोजी, वॉशिंग्टनच्या जन्मदिनी, न्यूयॉर्क येथे दया, ऐक्य व बंधुत्व या तीन तत्त्वांवर चौथी दीक्षा देण्यात आली. ती देशभक्तीची. या दीक्षेचे सभासद कमरेस तलवार, खांद्यावर झगा आणि डोक्यावर पिसांची टोपी अशा थाटात मिरवणुकीत चालत, दिवंगत बंधूच्या शवपेटीपाशी पहारा देत. २०१७ साली पिसे जाऊन साधी टोपी येणार असे ठरले, तेव्हा जुने सभासद फार रुसले. आम्हांस त्याचे हसू येत नाही. गोव्यातील कॉन्फ्रारियाचे बंधूही आपल्या रंगीत झग्याला असेच जपतात. आणि पालखीपुढचा चोपदार आपला दंड सुखासुखी दुसऱ्याच्या हाती देईल काय?

गंमत अशी, की या थाटानेच संशयाला खतपाणी मिळाले. चौथ्या दीक्षेचे लोक प्रॉटेस्टंटांच्या संहाराची शपथ घेतात, असा एक बनावट मजकूर १९१२ च्या सुमारास देशभर वाटला गेला. मंडळाने कोर्टकचेऱ्या केल्या, शपथ खोटी ठरवून घेतली; तरी ती पत्रके फिरतच राहिली.

आम्हांस तलवारीपेक्षा मोलाचे वाटते ते दुसरेच. पहिल्या महायुद्धात या मंडळाने सैनिकांसाठी विश्रामगृहे उघडली. सर्वांचे स्वागत, सर्व काही फुकट, अशी त्यांवर पाटी असे. कोणाला धर्म विचारीत नसत.

इतके होऊनही १९६० साली जॉन केनेडी अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे त्यांना आपल्या निष्ठेचा खुलासा करावा लागला. केनेडी स्वतः चौथी दीक्षा घेतलेले होते!

आमच्याकडे १९१६ साली टिळकांची होमरूल लीग निघाली. तिच्या कक्षेत आपले वऱ्हाडही येत होते. तिच्या अध्यक्षपदी बसले ते माझगावचे कॅथॉलिक बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. त्यांच्या कमरेला तलवार नव्हती. लोक त्यांना 'काका' म्हणत.