जुळे पिकअप ट्रक : विक्रीची गणना

एकाच उद्योगसमूहाच्या दोन ब्रँडखाली विकल्या जाणाऱ्या, जवळजवळ सारख्या पिकअप ट्रकची विक्री एकत्र धरावी की वेगळी, हा अमेरिकी वाहनउद्योगातील जुना वाद. जनरल मोटर्सचे शेव्हरोले सिल्व्हराडो व जीएमसी सिएरा हे त्याचे ठळक उदाहरण. दोहोंची चासी आणि इंजिने सामाईक. इंडियाना राज्यातील फोर्ट वेनच्या कारखान्यात दोन्ही तयार होतात. फरक दिसतो तो दर्शनी जाळी, दिवे, अंतर्गत सजावट आणि किंमत यांत. शेव्हरोलेचे डीलर वेगळे, ब्यूइक-जीएमसीचे वेगळे. दोघांनाही दुकानात पिकअप हवाच, म्हणून ही जोडी टिकून आहे.

फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप मानली जाते. ही गणना नावावर चालते. 2019 मध्ये एफ-सिरीज सुमारे 8.96 लाख, फियाट क्रायस्लरचा राम 6.33 लाख, सिल्व्हराडो 5.75 लाख आणि सिएरा 2.32 लाख विकले गेले. नाव धरून मोजले तर सिल्व्हराडो तिसरा. सिएरा मिळवला की बेरीज आठ लाखांवर जाते आणि जनरल मोटर्स रामच्या पुढे येते. 2021 मध्ये चिपच्या टंचाईने एफ-सिरीज सुमारे 7.26 लाखांवर उतरली, तर जुळ्यांची बेरीज साडेसात लाखांपलीकडे गेली. त्या वर्षी नावाने फोर्ड पहिला, समूहाने जनरल मोटर्स.

एफ-सिरीज हेसुद्धा एका गाडीचे नाव नाही. त्यात एफ-150 आहे, तसेच एफ-250 पासून पुढचे अवजड सुपर ड्यूटी ट्रकही आहेत. त्यांची चासी वेगळी, काम वेगळे. एफ-150 आणि एफ-250 यांच्यातील अंतर सिल्व्हराडो आणि सिएरा यांच्यातील अंतराहून कितीतरी मोठे आहे. तरीही पहिली जोडी एका ओळीत आणि दुसरी दोन ओळींत मोजली जाते. यंत्ररचना हा निकष लावला, तर जुळ्यांची बेरीजच अधिक न्याय्य ठरते. ग्राहक कोणते नाव निवडतो हे पाहायचे असेल, तर मात्र वेगळे आकडेच उपयोगी.

‘विक्री’ कशाला म्हणायचे, हाही प्रश्न आहेच. रामची तेव्हा मालक असलेल्या फियाट क्रायस्लरने मासिक आकडे फुगवून दाखवल्याच्या प्रकरणात 2019 मध्ये अमेरिकी रोखे नियामकाकडे 4 कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. डीलरांना पैसे देऊन खोट्या विक्रीची नोंद करवून घेतली, असा ठपका होता. भारतात कंपन्यांचे मासिक आकडे मुख्यतः डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. नोंदणीचे आकडे त्यांहून वेगळे येतात.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये मोटारींची अशीच भावंडे तयार होतात : स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन, स्लाव्हिया व व्हर्टस. कारखाना एक, पाया एक. विक्री मात्र दोन ब्रँडच्या नावे लागते.