सांता मोनिका: गोव्यातल्या स्त्रियांच्या मठाची पावणेतीनशे वर्षे

जुन्या गोव्याला जाणारा प्रवासी बाँ जेझसच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे दर्शन घेतो, समोरचे से कॅथेड्रल पाहतो आणि बहुतेक वेळा तिथूनच माघारी वळतो. पश्चिमेकडच्या चढाने ‘मोंते सांतो’ म्हणजे पवित्र टेकडीवर फार थोडे जण जातात. या टेकडीवर दोन मोठ्या वास्तू समोरासमोर आहेत. सेंट ऑगस्टिनच्या मठाचे नुसते अवशेष उरले आहेत आणि त्यातून एक तुटका बुरूज वर आलेला दिसतो. दुसरी वास्तू तीन मजली, जांभ्या दगडाची, मधे प्रशस्त चौक असलेली आणि बाहेरून भक्कम टेकू दिलेली. ती आजही धडधाकट उभी आहे. पहिली पुरुषांची होती, दुसरी स्त्रियांची. एक कोसळली आणि दुसरी टिकली, हे दगडचुन्याच्या गुणाने घडले नाही. त्यामागे एक कायदा आहे आणि त्या कायद्याने एकट्या पडलेल्या स्त्रिया आहेत.

धर्मासाठी घर सोडून एकत्र राहणे आपल्याकडे नवे नव्हते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे स्तूप बौद्ध संघाच्या काळाची साक्ष देतात. तेराव्या शतकात महदाइसेसारख्या स्त्रिया चक्रधरांच्या मागे निघाल्या आणि त्यांनी मराठी वाङ्मयात आपली जागा केली. पोर्तुगीज गोव्यात मात्र सोळावे शतक सरेपर्यंत मठ होते ते पुरुषांचेच. फ्रान्सिस्कन १५१७ साली आले, येशूसंघी १५४२ साली, डॉमिनिकन १५४८ साली आणि ऑगस्टिनियन १५७२ साली. ज्या स्त्रीला व्रत घ्यायचे होते तिच्यासाठी गोव्यातच काय, पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखात एकही दार उघडे नव्हते.

ते दार आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस याने उघडले. हा स्वतः ऑगस्टिनियन. १५९५ साली तो गोव्याचा आर्चबिशप झाला आणि पुढे काही काळ राज्याचा कारभारही त्याच्याकडे होता. युद्धात आणि समुद्रावर मरणाऱ्या पोर्तुगिजांच्या विधवा आणि पोरक्या मुली शहरात वाढत होत्या. अनाथ व कुलीन मुलींसाठी त्याने ‘सेर्रा’चे आश्रयगृह चालवले, तर ‘वाट चुकलेल्या’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी मारिया माग्दालेनाचे. पण या घरांतल्या मुलींनी कधीतरी लग्न करून बाहेर पडावे अशी अपेक्षा असे. कायमचे व्रत घेणाऱ्यांसाठी २ जुलै १६०६ रोजी सांता मोनिकाची पायाभरणी झाली. मोनिका म्हणजे संत ऑगस्टिनची आई. समोर मुलाचा मठ होताच, आता त्याच टेकडीवर आईचाही झाला. बांधकाम १६२७ साली पुरे झाले. आत सुमारे शंभर नन राहू शकत. आशियातला स्त्रियांचा सर्वांत मोठा मठ म्हणून त्याचे नाव झाले.

आत जाणाऱ्या मुलीबरोबर हुंडा द्यावा लागे. लग्नात नवऱ्याकडे जाणारी रक्कम इथे मठाच्या तिजोरीत पडे. चार-पाच मुलींच्या बापाला तरीही हा मार्ग परवडे, कारण तोलामोलाचा जावई त्याहून महाग पडे. विधवा आपली सगळी मालमत्ता घेऊन येत. बघता बघता मठाकडे पैसा आणि जमीनजुमला जमला. त्याचा हिशेब स्त्रियाच ठेवत आणि आपली मुख्य मठाधिकारी मतदानाने निवडत. आतली माणसे मात्र सारखी मानली जात नव्हती. काळा बुरखा घेणाऱ्या पूर्ण व्रतधारी नन प्रामुख्याने पोर्तुगीज वंशाच्या असत. इथल्या मातीतल्या मुलींच्या वाट्याला पांढरा बुरखा आणि खालचे स्थान येई, आणि चाकरीला दासीही असत. मठाचा इतिहास सांगताना ही गोष्ट झाकून ठेवता येणार नाही.

बाहेरच्या जगाशी संबंध होता तो गजाआडून. भेटायला आलेला भाऊ जाळीच्या पलीकडे बसे. सामानासाठी भिंतीत फिरते लाकडी पिंप असे. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची आणि आतल्या ननने ते फिरवून घ्यायचे, म्हणजे कोणी कोणाचे तोंड पाहत नसे. दिवस ठरावीक वेळांच्या प्रार्थनांत वाटलेला असे. त्या प्रार्थना गाऊन म्हटल्या जात. मधल्या वेळात भरतकाम, शिवण आणि स्वयंपाकघर. गोव्याची बेबिंका याच मठातल्या बेबियाना नावाच्या ननने प्रथम केली, असे गोव्यात सांगतात. अंड्याचे बलक, नारळाचे दूध, साखर, तूप आणि मैदा. एक थर ओतायचा, भांड्यावर निखारे ठेवून तो वरून भाजायचा, मग तूप सोडून दुसरा थर ओतायचा. सात थर व्हायला अर्धा दिवस जातो. बेबियानाची गोष्ट दंतकथा असेल, पण एवढी सवड आणि एवढी शिस्त मठाच्या स्वयंपाकघरात होती खरी.

शहराच्या नगरसभेला हे वैभव खुपू लागले. लग्नाच्या मुली आणि पैसा दोन्ही मठ गिळतो, व्यापार बसत चाललेल्या शहरात हे परवडत नाही, अशी तिची तक्रार पोर्तुगालच्या राजापर्यंत गेली. मठाची बाजू लढवली ती त्याचा धर्मगुरू आणि कारभारी फ्राय दियोगो द सांता आना याने. वाद तापलेला असताना ८ फेब्रुवारी १६३६ रोजी मठातल्या क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडले आणि तिच्या जखमांतून रक्त वाहिले, असे नननी सांगितले. पाठीराख्यांनी ती देवाची साक्ष मानली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री मठाला आग लागली आणि इमारतीची राख झाली. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा उभारायला घेतली. आज दिसते ती हीच.

मग शहरच रिकामे होत गेले. साथींनी माणसे मरत होती. १६९५ साली व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेला आणि १७५९ साली पणजीला. त्याच वर्षी येशूसंघी हाकलले गेले. व्रताने बांधलेल्या नन मात्र टेकडीवरच राहिल्या.

खरा घाव १८३४ साली लिस्बनमध्ये बसला. यादवी युद्ध जिंकलेल्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सगळे धर्मसंघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. १८३५ साली हा हुकूम गोव्यात अमलात आला. स्त्रियांच्या मठांना वेगळा न्याय लागला. आहेत त्या ननना मरेपर्यंत राहू द्यायचे, नवी एकही घ्यायची नाही. समोरचा ऑगस्टिनचा मठ ओस पडला आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, त्याच्या चर्चचे कमानदार छत कोसळले. त्याची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते. १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा बुरूजही गेला. सांता मोनिकात मात्र माणसांचा वावर होता. दर वर्षी एखादी कोठडी रिकामी होई, तरी उरलेल्या जणी प्रार्थनेला उभ्या राहत. शेवटची नन १८८५ साली वारली. मठ संपवण्यासाठी केलेल्या कायद्यानेच त्याच्या भिंतींना आणखी पन्नास वर्षे राखण मिळाली.

दार बंद करून मठ संपवण्याची ही रीत युरोपाला जुनी होती. स्वीडनमध्ये वेट्टर्न सरोवराकाठी वाडस्टेना येथे संत बिर्गिट्टाच्या संघाचा मठ होता. त्यात ६० नन आणि २५ पुरुष अशी योजना होती आणि दोघांवर मठाधिकारी स्त्री. १५२७ साली राजा गुस्ताव वासाने चर्चची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. डेन्मार्कमध्ये १५३६ साली आणि नॉर्वेत १५३७ साली तेच झाले. नव्या नन घ्यायला मनाई झाली, तरी वाडस्टेना निभावून राहिले ते १५९५ पर्यंत. पुढे एलिझाबेथ हेसेलब्लाड या स्वीडिश परिचारिकेने रोममध्ये बिर्गिट्टाच्या संघाला नवा जन्म दिला. १९३५ साली त्या संघाच्या सिस्टर पुन्हा वाडस्टेनात राहू लागल्या, आणि दोनच वर्षांनी त्यांनी हिंदुस्थानात, केरळात, आपले घर थाटले.

सांता मोनिकाचे दार उघडायला १९६४ साल उजाडले. गोवा मुक्त होऊन तीन वर्षे झाली होती. मातेर देई ही ननना धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था इथे सुरू झाली आणि देशभरातल्या सिस्टर त्या चौकात वावरू लागल्या. मठाच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनारीत सुरू झाले आणि नंतर इथे आले. त्यातल्या हस्तिदंती मूर्ती आणि चांदीकाम पाहताना इथल्या कारागिरांचा हात ओळखू येतो.

बंद झालेल्या मठांची कागदपत्रे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरखान्यात बसून मराठ्यांच्या इतिहासाचे पोर्तुगीज कागद उजेडात आणले. मठांच्या दप्तरांकडे मराठी अभ्यासकांनी तेवढ्याच आस्थेने वळायला हवे. काळ्या बुरख्याच्या ननांची चरित्रे १६९९ साली लिस्बनला छापली गेली. पांढऱ्या बुरख्याच्या आणि दासी म्हणून राबलेल्या कोकणी मुलींचा माग लागला, तर तो या जमाखर्चांतून आणि गावकीच्या व्यवहारांतूनच लागेल, आणि ते काम पोर्तुगीज शिकलेल्या मराठी-कोकणी वाचकाइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही.