सारवण, तेल आणि रोगण : वाड्यातल्या जमिनीचा इतिहास

#थ्रेड

१/ सागवानी जमिनीवर कोणता लेप द्यावा, म्हणजे माणसांनी गजबजलेल्या घरात ती टिकेल? हा प्रश्न आज नव्या घरांच्या सजावटीत विचारला जातो. कृष्णा-वारणेच्या दुआबातील आष्ट्यासारख्या गावांतील जुन्या घरांनी तो फार पूर्वी सोडवला होता. त्या उत्तराची किंमत कोणी मोजली, हाही इतिहासाचाच भाग आहे.

२/ आष्टा आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. काळ्या जमिनीचा हा शेतीप्रधान प्रदेश. धान्याची पोती, शेतातून आलेले चिखलाचे पाय, पंगती, बाळंतपणे आणि लग्ने हे सारे घरातल्या जमिनीलाच सोसावे लागे.

३/ देशावरच्या वाड्यांत माडीची जमीन कडीपाटाची असे. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी पाट, पाटांवर मातीचा थर आणि सर्वांत वर शेणाचे सारवण. खालून पाहणाऱ्याला सुबक लाकडी छत दिसे, पण वर वावरणाऱ्याचे पाऊल लाकडाला लागतच नसे. पायांची झीज मातीने सोसायची आणि भार लाकडाने पेलायचा, अशी ही कामाची वाटणी होती.

४/ मातीच्या थराचे आणखीही उपयोग होते. शेगडीतला निखारा पडला तरी पाट लगेच पेट घेत नसे. फळ्यांच्या फटींतून खाली धूळ गळत नसे. पावलांचा आवाज दबे आणि उन्हाळ्यात खालची खोली थंड राहण्यास मदत होई.

५/ तळमजल्यावर मुरूम आणि माती पसरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून जमीन घट्ट करत. त्यावर शेणकाला फिरवला जाई. शेणातील न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात आणि बारीक भेगा बुजवतात. एखादी जागा उखडली, तर तेवढीच पुन्हा चोपून सारवता येई. त्यासाठी सारी खोली रिकामी करावी लागत नसे.

६/ उघडे लाकूड राही ते खांबांचे, उंबऱ्याचे, जिन्याच्या पायऱ्यांचे आणि झोपाळ्याच्या फळीचे. तेथे सागाचा गाभा वापरण्याकडे कल असे, कारण त्यातील नैसर्गिक द्रव्ये वाळवी आणि ओल यांना विरोध करतात. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणल्याचे सांगतात. पण १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला आणि मुख्यतः दगडी भागच उरला. वाळवीला दाद न देणारे लाकूड आगीपुढे मात्र हतबल ठरले.

७/ उघड्या लाकडाला तेल पाजले जाई. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. खोबरेल किंवा एरंडेल तसे घट्ट होत नाही. ते चिकट राहून धूळ धरते. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावत. त्याने कीड दूर राहते, मात्र कच्चे तेल कातडी पोळते. काजूचे झाड पोर्तुगीजांबरोबर आले, म्हणजे हा कोकणी उपायही फार प्राचीन नव्हे.

८/ राळ तेलात शिजवून रोगण करत. लाख मद्यार्कात विरघळवून लावली की आरशासारखी चकाकी येते. सावंतवाडीच्या लाखकामाची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण लाखेवर गरम भांडे टेकले किंवा पाणी साचले, तर पांढरे डाग उमटतात. म्हणून लाख खेळण्यांना आणि चौरंगाला शोभते. वर्दळीच्या जमिनीवर ती तग धरत नाही.

९/ तेव्हा सारवणाची जमीन टिकाऊ होती ती कोणामुळे? सारवण काही दिवसांतच विरते. ते पुन्हा पुन्हा, आणि सणावाराला तर हमखास, करावे लागे. गोठ्यातून शेण आणणे, ते कालवणे, ओणव्याने साऱ्या घरभर पोतेरे फिरवणे हे काम घरातल्या बायका आणि मोलकरणी करत. वाड्याची कीर्ती बांधणाऱ्याच्या नावावर जमा झाली. त्याची जमीन राखणारे हात मात्र निनावी राहिले.

१०/ रेल्वेने हे गणित बदलले. १८७१ मध्ये मुंबईचा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोहोचला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. तिथली करडी फरशी पुढे देशावरच्या घराघरांत पसरली. १९२२ मध्ये मुंबईत, स्वदेशीच्या वातावरणात, भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी सुरू झाली आणि रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या देशातच बनू लागल्या. फरशी ओल्या फडक्याने पुसली की काम भागे. अनेक बायकांसाठी हा बदल शोभेपेक्षा सुटकेचा होता.

११/ उघड्या लाकडी जमिनीवर चालण्याची रीत युरोपात रुळलेली होती. तेथे मेण, तेल आणि रोगण वापरत. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले. पुढे त्याचा कठीण, पारदर्शक लेप जमिनींवर आला. तो पाणी आणि घासणे चांगले सोसतो. पण एकदा खोल ओरखडे पडले, की तेवढीच जागा बेमालूम दुरुस्त करणे कठीण जाते. बहुधा सारी जमीन घासून लेप नव्याने द्यावा लागतो.

१२/ आज वाडे उतरवले जातात आणि त्यांतले साग नव्या घरांत जाते. त्या लाकडावर काय लावावे, हे घरातल्या माणसांवर ठरते. पाणी सांडणारी मुले आणि सततची वर्दळ असेल, तर पॉलियुरेथेन सोयीचे. वेळोवेळी हात फिरवण्याची तयारी असेल, तर जवसाचे तेल. त्यात झिजलेली जागा तेवढीच पुन्हा तेलवता येते. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

१३/ लेप कोणताही असो, त्याचा मोठा शत्रू पायांबरोबर येणारी बारीक वाळू. चपला उंबऱ्याबाहेर काढण्याची आणि पाय धुऊन घरात येण्याची जुनी रीत जमिनीचे आयुष्य वाढवते. आणि लेप निवडताना एक प्रश्न आधी विचारावा : तो दर वर्षी राखणार कोण? जुन्या वाड्यांत हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण उत्तर गृहीत धरलेले होते.