लावून धरणे

सकर्मक संयुक्त क्रियापद. मागणी, प्रश्न किंवा विषय मागे पडू न देता पुन्हा पुन्हा पुढे रेटणे. कर्म स्त्रीलिंगी असेल तर ‘लावून धरली’, पुल्लिंगी असेल तर ‘लावून धरला’.

इंग्रजीतल्या ‘कीप अ‍ॅट इट’ला हा प्रतिशब्द सरसकट चालत नाही. मुलगी गणिताला चिकटून बसते, तबलजी नेटाने रियाज करतो. ‘अभ्यास लावून धरला’ असे मात्र कोणी म्हणत नाही. गवयाने लावून धरलेला सूर सोडला, तर या क्रियापदाला समोर कोणीतरी लागतो: सरकार, साहेब, नाहीतर घरातला कर्ता माणूस. शेजारचे शब्दप्रयोग याहून वेगळे. दुसऱ्याची मागणी आपण ‘उचलून धरतो’. ‘ताणून धरले’ यात दोष देण्याचा सूर आहे. आणि ‘धसास लावले’ म्हणजे काम तडीस गेले. लावून धरलेले तडीस जाईलच असे नाही.

पनवेल-उरणकडे या क्रियापदाला जमिनीचा वास आहे. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना 1970 साली झाली, शेते संपादनात गेली. पनवेलमधून 5 वेळा आमदार झालेले शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी मोबदल्याचा प्रश्न लावून धरला. जानेवारी 1984मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात 5 जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून आली. पुढचे लावून धरणे घरोघरचे: प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, वारस दाखला आणि घडीवर झिजलेली, आवक-शिक्का मारलेली अर्जाची प्रत. रोजच्या बोलण्यात याला ‘पाठपुरावा’ म्हणतात. तो एकट्यालाही करता येतो. लावून धरायला बहुधा गाव लागते.

दि. बा. 2013 साली गेले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून जून 2021मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, मग सिडकोवर मोर्चा नेला. 2022 साली विधिमंडळाने तसा ठराव केला. 8 ऑक्टोबर 2025ला विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हाही ते नाव अधिकृतपणे लागलेले नव्हते. त्यामुळे त्या दिवशीही पनवेलमध्ये वाक्य पूर्ण वर्तमानकाळातच होते: ‘मागणी लावून धरली आहे.’