हायपोला हुद्दा कळत नाही

सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या माणसाने पहिला चांगला कॅमेरा घेतला की पहिल्या महिन्यात तो काय काढणार, हे मी न बघता सांगू शकतो. जुहूचा सूर्यास्त, डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाचं पोट आणि पावसात स्टेशनच्या पुलावरच्या छत्र्या. मग फोटो मित्रांना दाखवले जातात. मित्र म्हणतात, "वा, झकास!" आणि विषय संपतो. वर्षभरानंतर तोच सूर्यास्त, तसाच... फक्त लेन्स महागाची.

आपल्या धंद्यात हे खपत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये "वा, झकास" लिहून सुटता येत नाही. नेमकी ओळ दाखवावी लागते, तिथे काय फुटेल ते सांगावं लागतं. मग फोटोच्या बाबतीत आपण इतके गुळमुळीत का? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट १८५४ सालात पोचलो. तेही आपल्याच मुंबईत!

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी. म्हणजे आपण फक्त एक वर्ष मागे. सभासदांत इंग्रज लष्करी अधिकारी होते, हौशी मंडळी होती आणि डॉ. भाऊ दाजी लाडही होते. (भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे.) त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे. १८५५ साली सोसायटीचं जर्नल सुरू झालं. त्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथेच शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्टुडिओ थाटणाऱ्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी फोटोग्राफरांसाठी एक मासिक अल्बमही चालवला, आणि त्यात खरेखुरे प्रिंट चिकटवलेले असायचे.

आता त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय प्रकार होता ते बघा. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. मुंबईच्या उकाड्यात कोलोडियनमधलं इथर भराभर उडणार आणि काच लवकर सुकणार. सुकली की डाग, चिरा, नाहीतर अर्धं चित्र गायब. असा प्रिंट चारचौघांत मांडला की दोष झाकायची सोयच नाही. डाग कॅप्टनलाही दिसतो आणि डॉक्टरलाही. प्रश्न एकच उरतो: हा आला कुठून?

त्याहून मोठी डोकेदुखी होती प्रिंट फिके पडण्याची. लंडनच्या सोसायटीने १८५५ साली त्यासाठी चक्क एक समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. समितीने शोधलेलं एक मुख्य कारण अगदी साधं होतं. प्रिंट पक्का करण्यासाठी वापरलेला हायपो नीट धुतला जात नव्हता. दमट हवा आणि हवेतला गंधकही साथीला होतेच. म्हणजे ज्याने धुण्यात आळस केला त्याचा प्रिंट पिवळा पडणार, मग तो साहेब असो वा शिकाऊ.

मला यातली गंमत वाटते ती ही. "तुझा प्रिंट पिवळा पडतोय" हे वाक्य कोणाच्या अब्रूवर येत नाही, कारण त्याला कारण आहे आणि कारणाला उपाय आहे. टीका झेपते ती अशीच.

पुढे १८८० च्या दशकात कोरड्या काचा सगळीकडे मिळू लागल्या, १८८८ मध्ये कोडॅक आला. रसायनांचे प्रश्न बरेच मिटले आणि भांडण आवडीनिवडीवर आलं. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ सालीच चित्रकलेचे रचनेचे नियम फोटोला लावणारं पुस्तक लिहिलं होतं. १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन त्याविरुद्ध उभे राहिले. मांडून काढलेली नाटकी चित्रं नकोत, डोळ्याला दिसतं तसं काढा, हा त्यांचा धोशा. तोंड भलतंच तिखट! आणि याच सुमारास आपल्या मुंबईचे शापूर भेदवार लंडनला शिकून तिथल्या प्रदर्शनांत पदकं मिळवत होते. कशावर? तर अशाच मांडून काढलेल्या चित्रांवर.

पण इमर्सनची खरी गोष्ट पुढे आहे. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये मोजमापं करून दाखवलं की निगेटिव्हमधल्या छटा फोटोग्राफरला वाटेल तशा बदलता येत नाहीत. इमर्सनच्या मांडणीचा पायाच हलला. त्यांनी काय करावं? काळी चौकट घातलेली एक पुस्तिका काढली आणि स्वतःच्याच सिद्धांताच्या मृत्यूची बातमी दिली! दुसऱ्यांना सोलून काढणाऱ्या माणसाने सुरी स्वतःवरही चालवली. टीका कशी घ्यावी याचा याहून मोठा नमुना मला माहीत नाही.

विसाव्या शतकात कारभार शिस्तीत आला. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आणि गावोगावची सलॉन. परीक्षकांपुढे प्रिंट येतो, काढणाऱ्याचं नाव दिसत नाही, प्रत्येक जण गुण देतो, बेरीज होते. वशिला चालू नये म्हणून ही पद्धत चांगलीच. पण घरी कार्ड येतं ते आकड्याचं. समजा १५ पैकी ९. उरलेले ६ कुठे गेले? कळायला मार्ग नाही. मग माणूस अंदाज बांधतो, निवडून आलेले फोटो बघतो आणि तसेच काढू लागतो. पांढऱ्या दाढीचा सुरकुतलेला म्हातारा, धुळीतून जाणारी मेंढरं, झाडांतून येणारे तिरपे किरण... बघितलेत ना हजार वेळा?

म्हणून मला वाटतं, "वा, झकास" आणि "१५ पैकी ९" ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही निकाल आहेत, आणि निकाल लागला की बोलणं थांबतं. १८५४ च्या मंडळींकडे कारण शोधायची सवय होती, कारण रसायनांनी ती लावली होती. आपल्याला ती मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

कशी? समजा मित्राने जुहूचा सूर्यास्त दाखवला. "बरा आहे" म्हणू नका, "भिकार आहे" तर मुळीच नको. फक्त स्वतःच्या डोळ्यांचा हिशेब द्या: "माझी नजर आधी उजवीकडच्या भेळवाल्याच्या ट्यूबलाइटवर जाते, सूर्याकडे नंतर. तुला काय दाखवायचं होतं?" तो म्हणाला सूर्य, तर ट्यूबलाइट हा त्याचा डाग. तो म्हणाला भेळवाला, तर सूर्यच जास्तीचा! डार्करूमवाल्यांची जुनी युक्ती वापरा. काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे प्रिंटवर सरकवून सूर्य झाका आणि दोघं मिळून बघा काय उरतं.

आणि फोटो आपला असेल तर? पहिली पाच मिनिटं तोंड बंद. "अरे, तेव्हा गर्दी इतकी होती की..." हे गर्दीचं कारण फोटोत छापलेलं नसतं. समोरचा काय बघतोय ते आधी ऐकून घ्यायचं. पटलं तर पुन्हा जुहूला जायचं, नाही पटलं तर का नाही ते सांगायचं.

या शनिवारी एकच करा. एक फोटो, प्रिंट काढलेला, एकाच माणसापुढे ठेवा आणि विचारा, "तुझी नजर आधी कुठे गेली?" कसा आहे ते मात्र विचारू नका.